मेड्युसा आधीपासूनच बदलत आलीय
ग्रीक पुराणकथांतल्या, केसांऐवजी साप असलेल्या मेड्युसाला पीडित ठरवणं हा आजच्या लेखकांचा आगाऊपणा, मूळ कथेत ती नुसती राक्षसीण होती, हे मत मला पटलं नाही. मूळ म्हणजे नेमकं कुठलं? प्राचीन ग्रीक कवी हेसिअडकडे ती गॉर्गन नावाच्या राक्षसी बहिणींपैकी एकटी मर्त्य. समुद्रदेव पोसायडन आणि ती वसंतातल्या फुलांच्या कुरणात एकत्र येतात, बस्स. शापबिप काही नाही. अथीना देवीच्या देवळात पोसायडनने केलेला बलात्कार आणि शिक्षा म्हणून केसांचे झालेले साप, हे आपल्याला सांगतो रोमन कवी ओव्हिड, तेही सुमारे 2000 वर्षांपूर्वी. म्हणजे आजच्या लेखिकांना लागणारा कच्चा माल त्यानेच पुरवून ठेवलाय!

तरी सगळंच नवं मला आवडतं असं नाही. लुचानो गार्बाती या शिल्पकाराने 2008 मध्ये, कथेत तिचं डोकं उडवणाऱ्या वीर पर्सियसचंच मुंडकं हातात घेतलेली मेड्युसा घडवली. 2020 मध्ये ती न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर उभी राहिली. दिसते जबरदस्त. पण गुन्हा पोसायडनचा, मग मुंडकं पर्सियसचं का? तो तिला मारायला आला होता हे खरं, पण समुद्रदेव मात्र पुन्हा नामानिराळाच राहिला की.