लग्नात पन्हं-मठ्ठ्यात काटकसर करावी का?

गोदाकाठ_नाशिक:
वैशाखातलं लग्न, औरंगाबाद रोडवरचं लॉन, दुपारची पंगत, ३०० पानं. आल्याबरोबर पन्हं आणि जेवणात मठ्ठा ठरलाय. आचारी चार ठिकाणी पैसे वाचवायचं सुचवतायत: कैरीऐवजी तयार सिरप, १५ किलोऐवजी १० किलो दही, खड्यांऐवजी लादीचा बर्फ, आणि सीलबंद जारऐवजी सुटे थंड जार. सगळं मिळून साडेतीन-चार हजार वाचतील म्हणतात. यातलं काय मान्य करावं आणि काय अजिबात नको? मापांसकट सांगितलंत तर त्यांच्याशी बोलायला सोपं जाईल.

मखमलाबादकर:
बर्फ आणि पाणी या दोन गोष्टींत एक रुपयाही वाचवू नका. लादीचा बर्फ मुळात मासळी, दूध, भाजी गार ठेवायला असतो. तो पिण्याच्या पाण्याचाच केलेला असेल असं नाही. अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे, पण लादी पांढरी दिसली म्हणजे खाण्याची, असं धरू नका. गोठल्याने टायफॉइडचे जंतू किंवा काविळीचे विषाणू मरत नाहीत, आणि पन्हं काही नंतर उकळायचं नसतं. लादी हवीच असेल तर बाहेरून वापरा: टबात लादी फोडून खडेमीठ टाका आणि झाकणाचं स्टीलचं पिंप त्यात बसवा. मात्र पिंपात बुडवायचा डाव त्या टबाला लागता कामा नये. वाढप्यांच्या गडबडीत नेमकं हेच होतं, म्हणून एक माणूस तिथे उभाच ठेवा.

जारचं झाकण सीलबंद आहे का, आयएसआय चिन्ह आणि तारीख आहे का, हे उतरवून घेतानाच बघा. सुट्या जारवर यातलं काहीच नसतं.

पंचवटी_भटारखाना:
पन्ह्याचा हिशेब देते. ३०० पानांना १५० मिलीचा ग्लास धरला तर ४५ लिटर, थोडं वरचं धरून ५० लिटर.

कैरी ८ किलो, उकडून गर साधारण ५ किलो. साखर ७ किलो, मीठ १५० ग्रॅम, वेलचीपूड ४० ग्रॅम, एक जायफळ. पाणी ३० लिटर आणि बर्फ १० किलो. बर्फ वितळून त्याचंही पाणीच होतं, हे लोक विसरतात. आधी ४० लिटर पाणी ओतायचं आणि वर बर्फ टाकायचा, मग पन्हं पाणचट झालं की दोष कैरीला! सीलबंद जार थंड करूनच आणले तर ५ किलो बर्फात भागतं. तेव्हा पाणी ३५ लिटर घ्या.

आता काटकसर बघा. साखर ४५ रुपये किलो धरली तर ७ किलोचे ३१५ रुपये. दोन किलो कमी केली तर वाचले फक्त ९०, आणि तेवढ्यासाठी ३०० माणसांच्या तोंडी बेचव पन्हं. काहीजण सॅकरीन घालतात. त्याने जिभेवर कडवट चव रेंगाळते आणि साखरेमुळे येणारा दाटपणाही जातो. सिरप म्हणजे बहुतेक वेळा साखर, सायट्रिक आम्ल, रंग आणि वास. कैरीचा गर नसला की पन्हं कसलं?

खरी बचत पुढे आहे. गर आणि साखर शिजवून त्याचा अर्क आठवडाभर आधी करून फ्रीजमध्ये ठेवा. अवकाळी वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या मार्केट यार्डात स्वस्त मिळतात. मार लागलेल्या असल्या तर त्याच दिवशी उकडायच्या, दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात. लग्नात एकदम ५० लिटर कालवू नका. आधी २५ करा, मग माणसं बघून दहा-दहा लिटर. उरलेला अर्क घरी नेऊन फ्रीजमध्ये टिकतो, कालवलेलं पन्हं मोरीतच जातं. केशर वगळलंत तरी काही बिघडत नाही.

गोदाकाठ_नाशिक:
ताई, फार उपयोगी. पन्ह्याऐवजी लिंबू सरबत किंवा कोकम स्वस्त पडेल का? आणि मठ्ठ्याचं?

पंचवटी_भटारखाना:
उन्हाळ्यात लिंबं महाग असतात, शिवाय रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट लागतो. कोकम चालेल, पण आगळ उचलून आणू नका. त्यात मीठ असतं, ते सोलकढीचं. सरबताला साखरेत मुरवलेलं अमृत कोकम लागतं. आणि यातलं काहीही अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात नको, आंबट पदार्थ धातू खातो.

सिडको_ताकवाला:
४५ लिटर मठ्ठ्याला गाईचं दही १५ किलो, थंड पाणी २५ लिटर, बर्फ ५ किलो. आलं ३०० ग्रॅम, हिरवी मिरची १५० ग्रॅम, जिरेपूड १०० ग्रॅम, मीठ २८०–३०० ग्रॅम (सैंधव त्यातच धरून), कोथिंबीर हवी तेवढी. १० किलोत तेवढंच करायला गेलं तर मठ्ठा नाही, तिखट पाणी होतं. म्हशीचं दही मात्र १२ किलो पुरतं, कारण त्यात घन भाग जास्त असतो. पण ते महाग, त्यामुळे हिशेब जवळपास तिथेच येतो.

स्वस्तात करायचं तर १० किलो दही विकत घ्या आणि ५ किलो दूध पावडरीचं लावा: ५०० ग्रॅम स्किम्ड पावडर साडेचार लिटर कोमट पाण्यात विरघळवून विरजण घाला. मठ्ठ्याला ते चालतं. फक्त चोथा-पाणी वेगळं होतं, म्हणून दर पंधरा मिनिटांनी ढवळायला हवं.

दही आदल्या रात्री थंड ठेवा आणि पंगतीच्या तासभर आधीच घुसळा. चाळीस अंशांच्या मांडवात विरजणाचे जंतू जोरात वाढतात आणि दोन-तीन तासांत मठ्ठा आंबट ढाण होतो. मग आचारी साखर घालून झाकतात. बिनकल्हईच्या पितळी पिंपात ठेवलात तर कळकेल, तेव्हा भांडी आल्यावर एकदा स्वतः बघून घ्या.