घरात बोका आणि म्हातारी कुत्री आहे, त्यात रेस्क्यूचा कुत्रा आणावा का?

खिडकीवाली:
सल्ला हवाय, आणि गुळगुळीत नको.

घरात आधीच दोघं आहेत. गुंड्या हा ७ वर्षांचा बोका, मुक्काम कपाटावर. रेवा ही ११ वर्षांची कुत्री, मागचे सांधे धरलेत. ती गुंड्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि त्यालाही तेच हवंय.

आता एक साधारण दोन वर्षांचा कुत्रा आमच्या मनात भरलाय. गाडीखाली आला होता, पाय आता बरा आहे. ज्या कार्यकर्तीकडे तो सध्या राहतो तिच्याकडे आणखी कुत्रे आहेत, त्यांच्याशी त्याचं छान जमतं. मांजर मात्र तिथे नाही. "होईल हो सवय," असं ती म्हणते. नवऱ्याचं मत त्याहून सोपं आहे: शनिवारी आणू, समोरासमोर सोडू, आपसात बघून घेतील.

मला धास्ती गुंड्याची वाटते. आणायच्या आधी काय विचारायचं? आणि नाहीच जमलं तर परत पाठवायचं का? हा विचारसुद्धा नको वाटतो.

तीनबोके:
समोरासमोर सोडू नका. बाकीचं जाणकार सांगतील, मी एकच सांगते. रेस्क्यूच्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड-पिसवा असतातच, मग कोणीतरी मानेवर टाकायचं औषध देतं. त्यात पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक आहे का ते वाचा. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला चाटून किंवा नुसतं त्याला खेटून झोपूनही हे होऊ शकतं. मांजर असलेल्या घरात ते औषध नकोच. डॉक्टरांना दुसरं मागा, असतात.

जुनीचादर:
मी बरीच वर्षं कुत्रे तात्पुरते सांभाळते आणि घरात मांजरं कायमची आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

"कुत्र्यांशी जमतं" यावरून मांजराबद्दल काहीच कळत नाही. त्या बाईंना सांगा की फिरायला नेताना लांब एखादं मांजर दिसलं तर त्याचा व्हिडिओ काढा. तो भुंकतोय, कुईकुई करतोय, उड्या मारतोय, याची मला फार काळजी वाटत नाही. गप्प झाला तर वाटते. तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर खिळलेली आणि नाकासमोर धरलेला आवडीचा खाऊही दिसत नाही, असं असेल तर तो ओळख करून घेत नाहीये, सावज बघतोय. असा कुत्रा वाईट नसतो, पण तुमच्या घरासाठी नाही. मांजर बघून हाकेला मान वळवली, खाऊ घेतला, जमीन हुंगत पुढे निघाला, तर बोलणी पुढे न्या.

आल्यावर दोन आठवडे वेगळी खोली. एक तर आजारपणासाठी. पार्वो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार. पार्वो साधारण आठवडाभरात दिसतो, कधी दोन लागतात, डिस्टेंपर त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो. डिस्टेंपर मांजराला होत नाही, पण हल्लीच्या पार्वोचे प्रकार मांजरालाही लागू शकतात. बोका घराबाहेर पडत नाही म्हणून त्याच्या लशी राहून गेल्या असतील तर आधी त्या उरकून घ्या. रेबीजची तिघांचीही.

दुसरं म्हणजे त्या पोराला श्वास घेऊ दे. नवीन घरात कुत्रा पहिले काही दिवस पाहुण्यासारखा वागतो. खरा स्वभाव नंतर दिसतो, आणि नेमका तेव्हाच घरचे निर्धास्त झालेले असतात. तेवढ्या वेळात अंथरुणाची फडकी इकडची तिकडे करा, म्हणजे आधी वासाची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग जाळीचं फाटक, मग त्याच खोलीत, पण कुत्रा पट्ट्यावर आणि बोका मोकळा. बोक्याला कडेवर घेऊन "हा बघ दादा" अजिबात करू नका. त्याची पळायची वाट बंद होते आणि नखं तुमच्या तोंडावर चालतात.

सगळे कुत्र्याकडे बघत बसतात. तुम्ही गुंड्याकडे बघा, आणि तो काय करतोय यापेक्षा काय करायचा बंद झालाय ते बघा. कपाटावरून उतरत नाही? शी-शूचा ट्रे कोरडा? मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो, लठ्ठ असेल तर धोका जास्तच. आणि बोका ट्रेमध्ये नुसता बसून कुंथत असेल तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच्या तेव्हा डॉक्टर. लघवी तुंबली की जिवावर बेततं. ताणाने हे होतं. ट्रे आणि वाटी कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा जागी हवी. ट्रेमधला ऐवज कुत्र्यांना मेजवानी वाटतो (विचारू नका), आणि बोक्याला तिथेच गाठलं तर तो ट्रे सोडेल.

परत पाठवण्याचं आत्ताच बोलून ठेवा. "आधी काही आठवडे आमच्याकडे ठेवतो, मग ठरवू" असं चांगले कार्यकर्ते स्वतःच सुचवतात. बोक्याने उरलेलं आयुष्य कपाटावर काढावं यापेक्षा ते बरं.

खिडकीवाली:
ताई, खूप आभार. शनिवार रद्द. व्हिडिओ मागवलाय. रेवाचं काय?

जुनीचादर:
तिची पहिली भेट घराबाहेर, दोघींपैकी कोणाचीच नसलेल्या जागी. चुकलं, दोघांपैकी. समांतर चालवा, मधे अंतर, पट्टे सैल. घरात वाट्या लांब, हाडं-खेळणी उचललेली. भांडणं दारात आणि अरुंद बोळात होतात, तिथे दोघांना एकदम घुसू देऊ नका. तरणा गडी तिच्या कमरेवर उड्या मारणार. ती गुरगुरली तर तिला रागावू नका, त्याला बाजूला घ्या. गुरगुरणं दाबलं की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. सांधेदुखीची औषधं त्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या, दुखत असलं की कोणीही चिडतं.

खिडकीवाली:
नवरा आता मोजपट्टी घेऊन बसलाय. जाळीचं फाटक किती उंच घेऊ?

तीनबोके:
कुत्र्याला उडी मारून ओलांडता येणार नाही इतकं. मांजराची छोटी खिडकी असलेलं मिळालं तर उत्तम, फक्त तिच्यातून त्या कुत्र्याचं डोकं जाणार नाही हे बघा. छातीचा नाही, डोक्याचा घेर मोजायला सांगा.