चिकनगुनियानंतर घरातल्या मोठ्यांचं चालणं: तुमचे अनुभव लिहा

सांगलीत विश्रामबागला राहतो. पावसाळ्यात वडिलांना चिकनगुनिया झाला. वय सत्तरीपुढचं. ताप उतरला, पण सकाळी घोटे टेकवत नाहीत. आमराईतलं फिरणं सोडाच, संडासापर्यंत भिंत धरून जातात. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं, दोन्ही लिहा.

सातारा, शाहूपुरी
सासूबाईंची मनगटं इतकी आखडली की भाकरी थापणं सुटलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मांडी चाचपून सांगितलं, सांध्याचं दुखणं वेगळं आणि पडून राहून स्नायू वाळलाय ते वेगळं. गोळीनं दुखणं कमी होईल, स्नायू भरणार नाही. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. खुर्चीतून हात न टेकता उठणं पुष्कळ नंतर. सकाळी सांधे धरलेले असतात, म्हणून व्यायाम गरम पाण्याच्या अंघोळीनंतरच. शिव्या घालायच्या (मॅडमना नव्हे, मला). दिवाळीला चकल्या पाडायला बसल्या, खुर्चीवर का होईना.

मिरज
काठी कुठल्या हातात धरतात बघा. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात हवी. वॉकर असेल तर खालची रबरी बुचं तपासा. झिजली की फरशीवर सटकतात. सर्जिकलच्या दुकानात सुटी मिळतात.

कराड
गावाकडून कुणी बिननावाच्या पुड्या आणून दिल्या तर देऊ नका. आईला लगेच इतकं बरं वाटलं की घरात सगळे खूश. मग साखर भडकली, तोंड सुजलं. डॉक्टरांचा संशय स्टेरॉइडवर. ते एकदम बंदही करायचं नसतं म्हणे, त्यांनी देखरेखीखाली उतरवलं.

विटा
निर्गुडीच्या पाल्याचा शेक. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

वाई
२००६ च्या साथीत आजीला झालेला. वर्ष गेलं, पण घाटावर चालत जायला लागली. सूज तीन महिन्यांनीही तशीच असेल तर मात्र संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, यातून कधीकधी आमवातासारखं दुखणं मागे राहतं. आणि हे डास दिवसा चावतात, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता.

विश्रामबागवाला
पुड्यांचं लिहिलंत ते बरं झालं, आमचे काका आणणारच होते. काठीचं आजच बघतो. आणखी एक: देशी संडासावर कमोडची खुर्ची ठेवायची म्हणतोय. ओल्या फरशीवर तिचे पाय सरकतात का? कुणी वापरलीय?