मदत हवी आहे: मागच्या सीटचे बेल्ट, साडेचार वर्षांचा मुलगा, सातवा महिना आणि ऐकत नसलेले बाबा

खंबाटकीपार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे, गारगोटीला. पुण्याहून गाडीने जायचं ठरलंय. गाडी २०१६ ची हॅचबॅक, गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. पुढे दोन एअरबॅग आहेत. आत्तापर्यंत ऑफिस आणि मंडई यापलीकडे गेलेली नाही, त्यामुळे मागे कोण कसं बसतं याकडे कधी लक्षच दिलं नाही. आता हायवेवर पाच माणसं घेऊन जायचंय म्हटल्यावर धाकधूक होतेय.

माणसं अशी: मी चालवणार. बायकोला सातवा महिना. डॉक्टरांनी हो म्हटलंय, पण दर दीड तासाने उतरून चालायला सांगितलंय. तिचं म्हणणं, पोटावर पट्टा आवळला तर बाळाला लागेल, मग नकोच. आईची उंची जेमतेम चार फूट दहा इंच. तिला पट्टा मानेला घासतो म्हणून ती तो काखेखालून घेते. मुलगा साडेचार वर्षांचा, वजन सोळा किलो, एका जागी पाच मिनिटं टिकत नाही.

आणि बाबा. वय ७६. पाटबंधारे खात्यात होते, आयुष्यभर कच्च्या रस्त्यांवर जीप चालवली, "एक ओरखडा नाही" हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांनी जाहीर केलंय की ते पुढे बसणार आणि नातू त्यांच्या मांडीवर बसणार. "मी घट्ट धरतो ना त्याला!" बेल्टचं नाव काढलं की म्हणतात, पोलिस दिसला की लावू.

अजून एक. मागे कडेला दोन पट्टे दिसतात, पण ते अडकवायचं बकलच सापडत नाही. कंपनीने दिलंच नाही असं कसं होईल? आणि आधीच्या मालकाने पुढच्या बकलमध्ये एक लोखंडी पट्टीसारखं काहीतरी खोचून ठेवलंय, ते काढलं की गाडी टिंगटिंग करते. ते राहू दे का?

कोणाला कुठे बसवू? काय विकत घ्यावं लागेल? बाबांना काय सांगू?

---

उगाच_एक

बकल सीटकव्हरखाली गेलं असणार. पैजेवर सांगतो.

---

गॅरेजचा_पोरगा

वरच्यांशी सहमत. आमच्याकडे दहा गाड्या आल्या तर चारपाचमध्ये हेच असतं. कव्हरवाला मागच्या सीटवर रेक्झिन ओढून बसवतो, बकल मध्ये येतं, मग तो ते खाली ढकलून वरून शिलाई मारतो. गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही, कारण मागे बेल्ट कोणी लावतच नाही. बैठक आणि पाठ यांच्या खाचेत हात घाला, सापडेल.

ती लोखंडी पट्टी आधी काढून फेका. अलार्म गप्प करायला विकतात ती. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना या क्लिपा काढायला लावल्या होत्या, एकूण १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. आणि एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीला असते, बदल्यात नाही. एअरबॅगच्या झाकणावर एसआरएस असं लिहितात, त्यातल्या पहिल्या एसचा अर्थच पूरक असा आहे. पट्टा नसेल तर ब्रेकच्या पहिल्या झटक्यातच माणूस पुढे सरकलेला असतो, आणि पिशवी फुगते ती नेमकी त्याच्या तोंडावर. पापणी लवायच्या आत फुगते ती.

गाडी सेकंडहँड आहे म्हणून आणखी एक बघा. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड. मुळात लागलाच नाही तर जास्त वाईट: कोणीतरी दिवा काढलाय किंवा झाकलाय, आणि गाडी आधी कुठेतरी जोरात ठोकलेली असू शकते. पुढच्या पट्ट्यांत प्रीटेन्शनर असतो. धडक झाली की तो बारूद उडवून पट्टा आत खेचतो, आणि तो एकदाच उडतो. धडकेनंतर तो पट्टा बदलावाच लागतो, आणि पैसे वाचवायला नेमका तोच बदलत नाहीत.

पट्टे तपासायला सोपी युक्ती: हळू ओढा, सरळ यायला हवा. हिसका द्या, खट्कन अडकायला हवा. परत आत जाताना रेंगाळत असेल तर मळलाय. कोमट पाणी, साधा साबण, फडक्याने पुसून बाहेरच पूर्ण वाळवा, मग आत सोडा. ब्लीच किंवा पेट्रोल लावू नका. कडांचे धागे सुटले असतील तर नवा टाका.

---

आजीची_गोधडी

आधी अभिनंदन, डोहाळजेवणाचे फोटो नाहीत तर निदान मेनू तरी सांगा!

मी आठव्या महिन्यापर्यंत नाशिक-ठाणे ये-जा केली आहे, म्हणून लिहिते. वहिनींना सांगा, पट्टा पोटावर नसतोच. खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे, दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकवायचा. वरचा भाग खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून आणि मग पोटाच्या कडेने. ड्रेसची ओढणी किंवा पदर मध्ये गोळा होऊ द्यायचा नाही. आधी बसायचं, मागे टेकायचं, मग खालचा पट्टा हाताने खाली सारून घ्यायचा. सुरुवातीला तो वर चढतो, एक-दोनदा सरळ करावा लागतो. पाठ फार मागे पाडून झोपायचं नाही. तसं केलं की धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतं आणि तो पोटावर चढतो, म्हणजे ज्याची भीती तेच.

पट्टा नसला तर काय लागेल? पुढची सीट. पोटाला. हे मी माझ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या.

---

बोगदा_नको_घाट_हवा

एवढं काय घाबरायचं? आम्ही लहानपणी ट्रॅक्सच्या मागच्या बाकड्यावर अकरा जण कोल्हापूरला गेलोय. काही झालं नाही.

---

नीरा_काठ

@बोगदा, ज्यांना झालं ते इथे लिहायला येत नाहीत हो.

धागाकर्ते, बाबांसाठी हा हिशेब घ्या. ते पाटबंधाऱ्यातले आहेत, आकडे कळतील. गाडी ताशी ५० किमीने जातेय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडकून ती एक दशांश सेकंदात थांबली असं धरा. तेवढ्यापुरतं प्रत्येक वस्तूचं वजन साधारण चौदा पट होतं. सोळा किलोचा नातू सव्वादोनशे किलोचा. हातांनी धरून दाखवा म्हणावं. त्यात बाबांनी पट्टा लावला नसेल तर ते स्वतःच मागून त्याच्यावर येतात, आणि पुढून एअरबॅग. पोराला दोन्हींच्या मध्ये ठेवण्यासारखं आहे ते. आणि हा ५० चा हिशेब आहे. साताऱ्यापुढे तुम्ही ५० ने जाणार नाही.

मागच्या सीटबद्दल: ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली तेव्हा पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी महागडी होती. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी मागे पट्टे लावले, मग परत येरे माझ्या मागल्या. नियम मात्र तेव्हा नवा आला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १३८ व्या नियमात पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा आधीपासून सांगितलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली दंड १,००० रुपये, आणि चौदा वर्षांखालचं मूल न बांधता नेलं तरी तेवढाच.

---

बूस्टरबाई

मुलासाठी पाठीसकटची बूस्टर सीट घ्या. सोळा किलोला चालेल अशी मिळते, साधारण १५ ते ३६ किलोची. ती मुलाला उंच करते, म्हणजे गाडीचाच पट्टा त्याच्या गळ्याऐवजी खांद्याच्या मधोमध आणि पोटाऐवजी कमरेच्या हाडांवर येतो. नारिंगी लेबल असतं, त्यावर गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, ते बघूनच घ्या. नुसती उशी किंवा चादरीची घडी चालत नाही, ती खालून सटकते. साधारण १४५-१५० सेंमी उंची होईपर्यंत लागणार आहे, तेव्हा पैसे वाया जात नाहीत.

महिनाभर आधी घरात आणून ठेवा. आमच्याने ती "रॉकेट" म्हणून हॉलमध्ये वापरली, टीव्ही बघताना तीच. प्रवासाच्या दिवशी एक शब्द बोलावा लागला नाही. आणि नियम एकच: सगळ्यांचं खट् ऐकू आल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. माझा मुलगा आता माझ्या नवऱ्याला ओरडतो.

---

खंबाटकीपार

सगळ्यांचे आभार. @उगाच_एक, पैज जिंकलात.

रविवारी सकाळी सीटकव्हरची मागची चेन उघडून खाचेत हात घातला. आधी शेंगदाण्याची फोलपटं, मग एक रबरबँड, मग १ रुपयाचं नाणं, मग कुठल्यातरी टोलची पावती. कोपर आत गेल्यावर बकल लागलं. लाल बटणावर कारखान्यातला प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच चिकटलेला! नऊ वर्षं त्या बकलमध्ये कोणी काही अडकवलेलंच नाही. दुसरं बकल शिलाईच्या आत होतं, उसवून काढलं. मधल्या माणसासाठी नुसता कमरेचा पट्टा निघाला, खांद्याचा नाहीच. एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो, तेवढं बरं आहे.

क्लिप फेकली.

पण आता पेच वाढला. बूस्टर मागे ठेवली की उरलेल्या जागेत दोन मोठी माणसं अंग चोरून बसतात. आणि बूस्टरला खांद्याचा पट्टा लागतो, म्हणजे ती कडेलाच. बायको दुसऱ्या कडेला. मग मध्ये आई, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर?

---

गॅरेजचा_पोरगा

नुसता कमरेचा पट्टा म्हणजे अगदीच काही नसण्यापेक्षा बरा, एवढंच. धडकेत कमरेतून दुमडतो माणूस. आईंना तिथे नको.

आईंना पुढे बसवा. पुढच्या दारामागच्या खांबावर पट्टा जिथून येतो तिथे बऱ्याच गाड्यांत एक खटका असतो, दाबून खाली सरकवा. पट्टा मानेवरून खांद्यावर येईल. मागच्या पट्ट्यांना सहसा ही सोय नसते. सीट रुळावर शक्य तेवढी मागे घ्या, छाती डॅशबोर्डपासून लांब. हेडरेस्टचं टोक डोक्याच्या टोकाशी आणा, मानेखाली नको. काखेखालून मात्र बंद करा. सगळा जोर बरगड्यांवर येतो, आणि बरगड्यांच्या आत काय असतं ते डॉक्टर सांगतील.

मग प्रश्न उरतो बाबांचा. स्पष्ट सांगू? तुमच्या गाडीत पाच माणसं मावतात, पण या पाच माणसांसाठी जागा चारच आहेत.

---

बोगदा_नको_घाट_हवा

मग काय बाबांना घरी ठेवायचं? सख्ख्या साडूच्या मुलाचं लग्न आहे!

---

आजीची_गोधडी

७६ म्हणालात ना? एसटी!

---

खंबाटकीपार

उशिरा लिहितोय, घरात चर्चासत्र चालू होतं.

सव्वादोनशे किलोचा हिशेब बाबांना कागदावर करून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तपासला, "एक दशांश सेकंद कशावरून धरलास?" असं विचारलं, स्वतः परत मांडला आणि कागद खिशात ठेवला. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर तोच हिशेब दुसऱ्या आजोबांना समजावत होते, जणू स्वतःचाच.

नातू मागे बूस्टरवर, हे मान्य झालं. आई पुढे. खटका सापडला, पट्टा दोन इंच खाली आला आणि ती म्हणाली, "एवढंच होतं होय?" वीस वर्षं तो पट्टा काखेखाली घेतेय बाई. बायकोला @आजीची_गोधडी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता ती बसल्याबसल्या स्वतःच पट्टा खाली सारून घेते, पण मोठा प्रवास अजून व्हायचाय.

मग मी घसा खाकरून बाबांना म्हटलं की गाडीत जागा चारच होतायत. मला वाटलं आता स्फोट. ते म्हणाले, "पंचाहत्तरी झाल्यापासून एसटी फुकट आहे मला. ती अमृत योजना नुसती कागदावर राहिलीय. तुम्ही दर दीड तासाला थांबत, चालत या. मी स्वारगेटहून पहाटेची कोल्हापूर धरतो, पुढे गारगोटी. तुमच्याआधी अक्षतांना उभा असेन." आईने लगेच विचारलं, मलापण अर्धं तिकीट आहे ना? तिला कसंबसं थांबवलंय, खटका तिच्यासाठीच शोधलाय म्हणून.

एक शेवटचं विचारतो. येताना मावशी काकवीचा पाच लिटरचा डबा देणारच आहे, नाही म्हणायची सोय नाही. डिकी बॅगांनी भरलेली असेल. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवला तर चालेल का?

---

नीरा_काठ

फळीवर अजिबात नको, तिथून तो थेट तुमच्या मुलाच्या डोक्याकडे निघतो. पाच लिटर काकवी म्हणजे सात किलो तरी, त्याला वरचाच चौदाचा गुणाकार लावा. बॅगा वर घ्या, डबा डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, दोन बाजूंनी बॅगा ठासून. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घाला. खंबाटकीच्या वळणांवर गळली तर ती गाडी विकेपर्यंत चिकटत राहील.