मदत हवी आहे: ग्रेडेड मोड्यूल प्रोजेक्टिव्ह ठरतं, मग फ्री का ठरत नाही?

नमस्कार. मी नांदेडला एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला ग्रेडेड रिंगवरची प्रोजेक्टिव्ह मोड्यूल्स घेतली आहेत आणि एका जागी अडलोय.

आर ग्रेडेड रिंग (म्हणजे डिग्रीनुसार भागांत वाटलेली), पी तिच्यावरचं तसंच वाटलेलं ग्रेडेड मोड्यूल. ग्रेडिंग विसरून पी प्रोजेक्टिव्ह असेल (म्हणजे पीवर येणारा प्रत्येक सर्जेक्टिव्ह मॅप स्प्लिट होत असेल), तर ग्रेडेड मोड्यूल्समध्येही ते प्रोजेक्टिव्ह असतं. हे पटलं. ग्रेडेड फ्री एफवरून (ज्याला होमोजिनियस, म्हणजे प्रत्येकी एकाच डिग्रीच्या घटकांचा बेसिस आहे) पीवर जाणारा, डिग्री ० चा सर्जेक्टिव्ह मॅप घ्यायचा. पी प्रोजेक्टिव्ह, म्हणून परत येणारा मॅप एस मिळतो. एस डिग्री सांभाळेलच असं नाही. पण क्षची डिग्री एन असेल तर एस(क्ष)मधला फक्त डिग्री एनचा भाग ठेवायचा, बाकीचा सोडायचा. नवा मॅप डिग्री ० चा होतो आणि स्प्लिटिंगही टिकतं. फार सुंदर युक्ती आहे ही!

मग ग्रेडिंग विसरून पी फ्री असेल, म्हणजे त्याला बेसिस असेल, तर अशीच छाटणी करून होमोजिनियस बेसिस का मिळू नये? पुस्तकात 'हे खरं नाही' एवढंच आहे. नेमकं कुठं मोडतं?

उत्तर: के फील्ड घ्या. आर = के×के, सगळी डिग्री ० मध्ये. पी म्हणजे आरच, फक्त के×० डिग्री ० मध्ये आणि ०×के डिग्री १ मध्ये ठेवा. ग्रेडिंग विसरलात तर (१,१) हा बेसिस. आता त्याचे तुकडे करा: (१,०) आणि (०,१). दोन्ही मिळून पी जनरेट करतात, पण रिंगमधल्या (०,१) ने पहिल्याला गुणलं की शून्य. कुठलाही होमोजिनियस घटक असाच मरतो, त्यामुळे होमोजिनियस बेसिस नाहीच. तुम्ही आधी तुकडा पाडला तो मॅपचा, आणि तो मॅपच राहिला. बेसिसचं तसं होत नाही.

मात्र आर कम्युटेटिव्ह, ऋण डिग्री नाही, आर-शून्य (आरचा डिग्री ० चा भाग) फील्ड आणि पी फायनाइटली जनरेटेड असेल, तर ग्रेडेड नाकायामा लेमाने (भागाकारातले जनरेटर वर उचलले की तेच पी जनरेट करतात) प्रोजेक्टिव्ह पीला होमोजिनियस बेसिस मिळतो. म्हणून पॉलिनॉमियल रिंगवर 'फायनाइटली जनरेटेड प्रोजेक्टिव्ह मोड्यूल फ्री असतं का' हा ग्रेडेड प्रश्न थोडक्यात सुटतो. ग्रेडिंगशिवायचा तोच प्रश्न सेर यांनी १९५५ मध्ये मांडला आणि तो सुटायला १९७६ उजाडलं, क्विलेन आणि सुस्लिन यांच्या हातून. सेमिनारमध्ये हे जरूर सांगा.

प्रश्नकर्ता: खूप आभार सर, आता उलगडलं. आर-शून्य फील्डऐवजी लोकल रिंग (एकच मॅक्सिमल आयडियल असलेली) असेल तर चालेल का?

उत्तर: चालेल. आधी आर-प्लसने (आरच्या धन डिग्रीच्या भागाने) भागा, मग आर-शून्यच्या मॅक्सिमल आयडियलने. तिथला बेसिस होमोजिनियस घटकांनी वर उचला.