सुपरहिरो पिक्चरचा कंटाळा आन आनंदओवरी

धरमपेठकर: 2008 च्या डार्क नाइटनंतर मला एकही सुपरहिरो पिक्चर मनापासून आवडला नाही बे, 2019 चा मार्व्हल कंपनीचा एंडगेम तीन तासांचा, सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं आन मी घड्याळ पाहत होतो. सध्या दि. बा. मोकाशींची आनंदओवरी ही कादंबरी धरलीय. कोणी वाचली का, शेवटपर्यंत जमते का?

संत्राबर्फी: जमते म्हणजे काय भाऊ! तुकाराम नाहीसा झाल्यावर धाकटा भाऊ कान्हा त्याला शोधत फिरतो आन तोच सगळं सांगतो, म्हणून भक्तीपेक्षा घरच्यांची फरफट जास्त दिसते. चमत्कार पाहायला गेला तर हाती काही लागत नाही. मले तेच आवडलं.

झिरोमाईलवाला: एंडगेमले नावं काऊन ठेवता पण? टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन मरतो तिथं माही आई रडली, अन् तिला आधीचा एकही पिक्चर माहीत नव्हता. मार्व्हल बिघडलं ते त्याच्यानंतर, मेलेला माणूस दुसऱ्या ब्रह्मांडातून परत येते, मग टेन्शन कायचं घ्यायचं?

संत्राबर्फी: हे बाकी पटलं.

धरमपेठकर: कान्हाला भाऊ भेटते का ते सांगू नका बाप्पा, माही अर्धी बाकी आहे अजून.