मदत हवी आहे: अरेथुसाचं पाणी होणं ओव्हिडच्या आधी कुठे सापडतं?

ग्रीक जलपऱ्यांवर एक लेख लिहितेय आणि अरेथुसापाशी अडकलेय. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस' या काव्याच्या पाचव्या सर्गात ती स्वतःच आपली कथा सांगते. अल्फियस नदीत आंघोळीला उतरते, नदीदेव मागे लागतो, शिकारीची देवी आर्टेमिस तिला ढगात लपवते. मग तिला घाम फुटतो, केसांतून थेंब गळू लागतात, पाय ठेवील तिथे डबकं साचतं आणि बघता बघता तिचं पाणी होतं. तेव्हा अल्फियसही पुरुषरूप टाकून पुन्हा पाणी होतो, तिच्यात मिसळायला! हा क्षण मला फार अस्वस्थ करतो, लेख त्याच्याभोवतीच फिरतो. पुढे ती जमिनीखालून जाऊन सिसिलीत, सिरॅक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर झरा होऊन वर येते.

ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस पाहिला. त्याच्याकडे अल्फियस मुळात शिकारी आहे आणि प्रेमापायी नदी होतो, पण पॉसेनियस ओव्हिडनंतरचा. भूगोलकार स्ट्रॅबो नदी समुद्राखालून जाते का यावरच वाद घालतो. ओव्हिडच्या आधीचा ग्रीक कवी पिंडार, त्याच्या पहिल्या नेमियन स्तोत्रात ऑर्टिजिया ही अल्फियसची विसाव्याची जागा आहे, पण पाठलाग नाही.

सिरॅक्यूजच्या जुन्या नाण्यांवरची अरेथुसा माहीत आहे, ती नको; मजकूरच हवा. मला ग्रीक किंवा लॅटिन येत नाही, त्यामुळे इंग्रजी वा मराठी अनुवादातला नेमका सर्ग किंवा ओळ सांगितलीत तर बरं.

बाईचं पाणी होण्याचा हा प्रसंग ओव्हिडच्या आधीच्या एखाद्या ग्रीक कवीकडे आहे का, की तो त्याचाच म्हणायचा?